अ, इ, उ : वाचायला लागलेल्या मुलाला ऱ्हस्व स्वर कसे शिकवावेत

ऱ्हस्व स्वर शिकवायचे म्हटलं की डोळ्यांपुढे येतात त्या वेलांट्या आणि उकार. पहिली की दुसरी, एवढ्यावरच सगळी शक्ती खर्च होते. पण मराठी वाचायला लागलेलं मूल आधी अडतं ते इ-उ पाशी नाही, अ पाशी. 'दिवा' मधल्या इ ला वेलांटी आहे, 'मुळा' मधल्या उ ला उकार आहे. 'घर' मधल्या अ ला मात्र कुठलंच चिन्ह नाही. शिवाय तो घ मध्ये ऐकू येतो आणि र मध्ये येत नाही. घर आपण 'घर्' असंच म्हणतो. मूल मात्र शिकवल्याप्रमाणे 'घ… रऽ' वाचतं, ते 'घरा' सारखं ऐकू येतं आणि आपण काय वाचलं हे त्याचं त्यालाच कळत नाही.

म्हणून इथे क्रम अ, मग इ, मग उ असा धरला आहे आणि निम्मा वेळ एकट्या अ ला दिला आहे. पहिलीतलं मूल, रोज २० मिनिटं, साधारण ६ ते ७ आठवडे असा हिशेब ठेवा. २० मिनिटांतली पहिली ५ फक्त कानासाठी, पुढची १० वाचनासाठी, शेवटची ५ पाटीवर लिहिण्यासाठी. एकदम तासभर बसवून काही साधत नाही. कान लवकर दमतो.

तयारी

जाड पुठ्ठ्याची १० सेंटिमीटर रुंद, ७ सेंटिमीटर उंच अशी २० कार्डं कापा. त्यांवर ही अक्षरं काळ्या स्केचपेनने काढा: क ख ग घ च ड ण त द न प फ ब म र ल व श स ळ. अक्षर कार्डाच्या मधोमध काढू नका. डावीकडे अडीच सेंटिमीटर आणि खाली दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडा, नाहीतर नंतर वेलांटी आणि उकार बसत नाहीत. सगळ्या कार्डांवर शिरोरेषा एकाच उंचीवर हवी.

पारदर्शक प्लास्टिक फाइलचे त्याच मापाचे तुकडे कापा. एकेका तुकड्यावर लाल मार्करने काना, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, पहिला उकार आणि दुसरा उकार काढा. क च्या कार्डावर पहिल्या वेलांटीचा तुकडा ठेवला की कि दिसला पाहिजे, उचलला की परत क. मात्रेमुळे अक्षर बदलत नाही, त्यातला अ जाऊन तिथे दुसरा स्वर बसतो, ही गोष्ट सांगून कळत नाही; तुकडा ठेवता-उचलताना कळते.

याशिवाय मूठभर चिंचोके, हातात मावेल असा आरसा आणि पाटी-पेन्सिल. एवढं पुरे.

पहिले चार दिवस अक्षर दाखवायचं नाही

आधी कान. मुलाला तळहात आडवा करून हनुवटीखाली टेकवायला सांगा आणि म्हणायला लावा: दर. मग: दार. 'दार' म्हणताना हनुवटी तळहातावर स्पष्ट दाबते, 'दर' म्हणताना जेमतेम हलते. अ आणि आ मधला फरक मुलाला असा हाताने कळतो. मग इ साठी आरसा. 'दिवा' म्हणताना ओठ कडेला ताणले जातात, 'दुवा' म्हणताना गोल होऊन पुढे येतात, 'दवा' म्हणताना ओठ काहीच करत नाहीत. तिन्ही शब्द खरे आहेत आणि फरक फक्त पहिल्या स्वराचा आहे, म्हणून हे त्रिकूट हाताशी ठेवा. तसंच दुसरं: खळा, खिळा, खुळा. दुवा किंवा खळा हे शब्द मुलाला माहीत नसतील तर अर्थ एका वाक्यात सांगून टाका, त्यात वेळ घालवू नका.

मग चिंचोक्यांचा खेळ. पाटीवर मधोमध रेघ. तुम्ही शब्द म्हणा. अ ऐकू आला तर चिंचोका डावीकडे, आ ऐकू आला तर उजवीकडे. जोड्या या घ्या: दर–दार, तर–तार, गर–गार, मळ–माळ, कर–कार, बस–बास, गळ–गाळ, मर–मार, फळ–फाळ, कळ–काळ. क्रम मोडून म्हणा, नाहीतर मूल ऐकण्याऐवजी आलटून-पालटून ठेवत जातं. १० पैकी ८ बरोबर आले की पुढे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हेच दवा–दिवा, परी–पुरी, सरी–सुरी, कडा–किडा, मळा–मुळा, नळा–निळा, गढी–गुढी यांवर करा.

इथे मोठ्यांकडून एक चूक हमखास होते. मुलाला नीट कळावं म्हणून आपण 'दऽऽर' असं लांबवून म्हणतो. अ लांबवला की तो आ कडे झुकतो. म्हणजे ज्या फरकासाठी ही सगळी खटपट चालली आहे, तोच आपण पुसून टाकतो. अ कधीही ताणायचा नाही. हळू म्हणायचं असेल तर आधीचं व्यंजन ताणा.

अ : जो दिसत नाही

व्यंजन ताणायचं तर ताणता येणारं हवं. म, न, स, र, ल, श ही ताणता येतात: 'म्म्मन', 'स्स्सण'. क, ग, त, प, ब ही येत नाहीत. ती म्हणताक्षणी सुटतात. म्हणून वाचायला दिलेले पहिले शब्द मन, नळ, रस, सण, मळ, नख असे घ्या. घर, बस, गळ, दर, कप हे दोन दिवसांनी. नुसत्या या क्रमाने अक्षर जोडून वाचण्याची निम्मी अडचण कमी होते.

आता तो न दिसणारा अ कुठे म्हणायचा आणि कुठे नाही, हे हाताने दाखवायचं. अ म्हणायचा असेल तिथे उघडा तळहात, अ गाळायचा असेल तिथे मूठ. मुलाच्या समोर बसा. 'घर' ची दोन कार्डं मांडा. घ वर उघडा हात, र वर मूठ. मूल तुमच्या हाताकडे बघत म्हणेल: घर. 'गवत' साठी उघडा, उघडा, मूठ. 'कमळ', 'बदक', 'मगर' तसेच. 'सरबत' मात्र उघडा, मूठ, उघडा, मूठ; आपण 'सर्बत्' म्हणतो. 'गडबड', 'करवत', 'मखमल' ची चाल हीच.

नियम म्हणून मुलाला काही सांगायचं नाही. दोन अक्षरी शब्दांवर तीन दिवस, तीन अक्षरींवर चार, चार अक्षरींवर तीन, एवढ्यात चाल आपोआप बसते. हात तुम्ही आठवडाभर करा, मग मुलाला करू द्या, मग बंद करा. काही मुलं पुढे महिनाभर अडलेल्या शब्दावर स्वतःच मूठ वळताना दिसतात. वळू द्या.

मात्रा शिकवायला लागलात की आणखी एक जागा येईल. शेवटच्या अक्षराला मात्रा असली की त्याच्या आधीच्या साध्या अक्षरातला अ बऱ्याचदा गळतो. चिमणी आपण 'चिम्णी' म्हणतो, मुलगा 'मुल्गा', पिशवी 'पिश्वी', खिडकी 'खिड्की'. उघडा, मूठ, उघडा. मूल 'चि-म-णी' असं तीन समान ठोक्यांत वाचत असेल तर त्याला अर्थ पटकन लागत नाही, कारण असा शब्द त्याने कधी ऐकलेलाच नाही. 'जरा भरभर वाच' म्हणून उपयोग नाही. मूठ दाखवा.

आणि फळं, घरं, झाडं? बोली वळणाने लिहिलेल्या गोष्टींच्या पुस्तकांत हे टिंब सारखं भेटतं. ते इथे अनुनासिक नाही. शेवटचा अ गाळू नको, उलट जरा ओढून म्हण, एवढंच ते सांगतं. 'फळ' ला शेवटी मूठ, 'फळं' ला शेवटी उघडा हात. हे न सांगितलेली मुलं 'फळम्' वाचतात. ही फळ–फळं, घर–घरं, झाड–झाडं जोडी काना झाल्यावर एक दिवस मुद्दाम घ्या. न दिसणारा अ मुलाला एवढ्या ठळकपणे दुसरीकडे कुठेच सापडत नाही.

जोडाक्षरानंतरचा अ (चंद्र, मंत्र) शेवटी असूनही गळत नाही. ते शब्द आत्ता आणूच नका.

काना आधी, मग इ

इ एकटा शिकवता येत नाही, हे आधीच लक्षात घेतलेलं बरं. चिखल, तिखट असे थोडे शब्द सोडले तर मुलाच्या ओळखीच्या शब्दांत पहिली वेलांटी बहुधा पुढच्या काना किंवा दुसऱ्या वेलांटीच्या सोबतीने येते: दिवा, किडा, निळा, विळी, शिडी, मिशी. तेव्हा अ नंतर काना तीन-चार दिवसांत उरका (तो मुलांना सोपा जातो, दिसतो आणि अक्षराच्या पुढेच असतो) आणि शेवटची दुसरी वेलांटी 'शब्दाच्या टोकाची वेलांटी' म्हणून ओळखीची करून द्या. तिच्याबद्दल खोलात नंतर.

पहिल्या वेलांटीची खरी अडचण तिची जागा आहे. ती म्हणायची अक्षराच्या नंतर आणि दिसते अक्षराच्या आधी. डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचणाऱ्या मुलाला ती आधी भेटते, म्हणून ते तिला मागच्या अक्षराला चिकटवतं. 'कविता' चं 'किवता' होतं, 'गणित' चं 'गिणत'. हा निष्काळजीपणा नाही. मूल नेमकं शिकवल्यासारखंच वाचतंय.

यावर उपाय: वेलांटीचा दांडा बघायचा नाही, तिची टोपी बघायची. टोपी ज्या अक्षराच्या डोक्यावर वाकली आहे, ती वेलांटी त्याची. पारदर्शक तुकडा कार्डावर ठेवताना प्रत्येक वेळी विचारा, 'टोपी कुणाच्या डोक्यावर?' मग मुलाने बोट त्या अक्षरावर ठेवून वाचायचं. तरीही चूक होत राहिली तर कागदाची एक छोटी पट्टी घ्या आणि वेलांटीच्या डावीकडचं सगळं झाका. 'ग' झाकला की उरतं ते 'णित'. ते वाचून झालं की पट्टी सरकवून 'ग' उघडा. पाच-सहा शब्दांत फरक पडतो.

वाचायला शब्द असे द्या. आधी ज्यांत वेलांटी पहिल्याच अक्षरावर आहे ते: दिवा, किडा, निळा, खिळा, विळी, शिडी, किती, विमान, चिखल. मग मधला अ गळणारे: चिमणी, पिशवी, खिडकी, पिवळा. मग वेलांटी मध्ये असलेले: कविता, गणित, बहिणी. अनुस्वाराचे चिंच, भिंत, डिंक सगळ्यात शेवटी, पण घ्या जरूर. अनुस्वार असलेल्या अक्षरावर इ-उ ऱ्हस्व असतो, ही सवय डोळ्याला इथेच लागते. रोज दोन-तीन वाक्यं: 'निळा दिवा लाव.' 'खिळा वाकला.' 'चिमणी पिसं गोळा करते' असलं मोठं वाक्य अजून नको.

च कडे थोडं लक्ष असू द्या. चिमणी, चिखल, चिंच यांतला च चहातल्या च सारखा आहे. 'चमचा' मधला किंवा पुढे येणाऱ्या 'चुना' मधला च दातांजवळचा आहे. मूल 'चि' ला अडखळलं तर गडबड वेलांटीत नसून च मध्ये असू शकते.

पाटीवर लिहिताना 'कि' मध्ये आधी वेलांटीचा दांडा काढायचा की आधी क? आधी क काढायला शिकवा, मग वेलांटी. पुढे हात सरावला की क्रम आपोआप बदलतो. सुरुवातीला दांडा आधी काढणारी मुलं पुष्कळदा वेलांटी रिकामीच सोडून पुढच्या अक्षराकडे जातात.

उ

उ चं शिकवणं इ पेक्षा सोपं आहे. उकार अक्षराच्या पोटाखाली असतो, आधी-नंतरची भानगड नाही. मुळा, सुरी, पुरी, तुरा, मुका, खुळा, गुलाब, दुकान, तुळस, मुलगा, सुगरण, एवढ्यांवर आठवडा पुरतो. अडचणी दोनच. पहिला आणि दुसरा उकार एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे दिसतात आणि या वयात ब-व, प-ष प्रमाणे यांचीही उलटापालट होते. म्हणून पहिला उकार पक्का होईपर्यंत, म्हणजे निदान आठवडाभर, दुसरा समोर आणायचा नाही. दोन्ही एकाच दिवशी शेजारी-शेजारी मांडून 'हा छोटा, हा मोठा' असं शिकवलं की मूल दोन्ही विसरतं.

दुसरी अडचण र ची. रु मध्ये उकार खाली नसतो, कमरेला असतो. रुमाल, रुपया, रुई हे शब्द बाकी उकार पक्के झाल्यावर एका दिवशी वेगळे घ्या, पारदर्शक तुकडा न वापरता, आख्खं 'रु' एका कार्डावर लिहून.

'कुलूप' हा शब्द मुलांना आवडतो, पण त्यात दोन्ही उकार आहेत. तो पुढच्या पायरीसाठी राखून ठेवा, तिथे तो फार कामाला येतो.

ऱ्हस्व की दीर्घ : कानाला काय कळतं, काय कळत नाही

व्याकरणाच्या पुस्तकांत दिन–दीन, सुत–सूत, शिर–शीर, पाणि–पाणी अशा जोड्या असतात. पहिलीच्या मुलाला त्या देऊ नका. सुत म्हणजे मुलगा आणि पाणि म्हणजे हात हे त्याने घरात कधी ऐकलेलंच नसतं, मग फरक कसला कळणार? अ आणि आ बदलला की मराठीत रोजच्या शब्दाचा अर्थ बदलतो. इ-ई आणि उ-ऊ च्या बाबतीत रोजच्या बोलण्यात तसं जवळजवळ घडत नाही. म्हणून 'नीट ऐक म्हणजे वेलांटी कळेल' हे अर्धंच खरं आहे. ते अर्धं कोणतं, हे शिकवणाऱ्याला ठाऊक हवं.

कानाला जे कळतं ते असं. हे जोडीने म्हणून बघा: दूध, दुधात. फूल, फुलं. वीट, विटा. जीभ, जिभेला. तूप, तुपात. मीठ, मिठात. बहीण, बहिणी. पहिल्या शब्दात इ-उ लांब आहे, दुसऱ्यात आखूड, आणि हा फरक प्रत्येक मराठी तोंडात आहे. शिकवावा लागत नाही. शेवटच्या अक्षरातला अ गळला की त्याच्या आधीचा इ-उ पसरतो, शेवटी दुसरा स्वर आला की तो आखडतो. लिहिताना हेच पाळलं जातं: 'दूध' ला दुसरा उकार, 'दुधात' ला पहिला. 'कुलूप' मध्ये लू लांब. 'कुलपाला' म्हणताना तर तो उकार नाहीसाच होतो.

तर हाच सराव घ्या. मुलाने दोन्ही हात समोर धरायचे. लांब ऐकू आलं की हात दूर, आखूड ऐकू आलं की जवळ. तुम्ही 'वीट' म्हणा, ते हात दूर नेईल; 'विटा' म्हणा, जवळ आणेल. चार-पाच दिवसांनी लिहिलेले शब्द याच जोडीने वाचायला द्या. मूल स्वतःच विचारतं की 'दूध' ला शेपटी वेगळी का. दुसरा उकार शिकवायचा तो त्या क्षणी.

कानाला जे कळत नाही ते शब्दाच्या टोकाचं. 'पाणी' मधली शेवटची ई बोलताना काही खास लांब नसते. मी, पाणी, शिडी, पिसू, गडू, चिमणी, सगळ्यांना शेवटी दुसरी. इथे कानावर ओझं न टाकता सरळ सांगा: शब्दाच्या टोकाला दुसरी. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांत हे स्वच्छ दिलं आहे. त्यांतले १४ नियम १९६२ मध्ये लागू झाले, नंतर १९७२ मध्ये ४ वाढले. अपवादांपैकी पहिलीत खरोखर भेटतो तो एकच, 'आणि'. तो चित्रासारखा लक्षात ठेवायला द्या, भिंतीवर लावा. घरात हिंदीही वाचली जात असेल तर आणखी एक गोंधळ संभवतो. हिंदीत 'कवि', मराठीत 'कवी'.

मग उरतात संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द. 'उंदीर' ला दी आणि 'मंदिर' ला दि. ऐकायला दोन्ही सारखेच. गुण, विष, मधुर, चतुर हेही तसेच. सहा वर्षांच्या मुलाला तत्सम शब्द म्हणजे काय हे सांगण्यात अर्थ नाही. मंदिर दिसलं की 'हा असाच लिहितात' म्हणा आणि पुढे चला. तिसरी-चौथीत कारण सांगता येतं.

मुलाच्या स्वतःच्या नावातली वेलांटी नियमात बसत नसेल तरी तिला हात लावू नका. घरचे लिहितात ते बरोबर.

चुका आणि त्यांचं मूळ

श्रुतलेखन तपासताना सगळ्या चुकांवर एकच लाल रेघ मारली जाते, आणि तिथेच नुकसान होतं. 'दिवा' ऐवजी 'दीवा' लिहिणारं मूल आणि 'दवा' लिहिणारं मूल, दोघांची चूक एक नाही. पहिल्याने इ ऐकला, ओळखला, चिन्हही त्याच स्वराचं काढलं. फक्त लांबी चुकली. दुसऱ्याने स्वरच टिपला नाही. पहिल्या वर्षात 'दीवा' ला पूर्ण गुण द्या आणि बाजूला बरोबर शब्द लिहून ठेवा. 'दवा' असेल तर पाटी बाजूला ठेवून आरशाकडे परत जा, दोन दिवस नुसतं ऐकणं.

वाचताना 'किडा' चा 'कडा' होत असेल तर कान शाबूत आहे, डोळा मात्रा सोडून जातोय. लाल मात्रा याचसाठी आहेत. छापील पुस्तकात तसा रंग नसतो, म्हणून तिथे आठवडाभर वाचण्याआधी मुलाला पानावरच्या वेलांट्या आणि उकारांना पेन्सिलने गोल करायला लावा. मग वाचन.

'पुरी' चं 'पिरी' किंवा 'मुळा' चं 'मिळा' होत असेल तर चिन्हांची अदलाबदल आहे. त्रिकुटांचे शब्द एकाखाली एक लिहून रोज दोनदा वाचून घ्या. नवीन शब्द थांबवा.

प्रत्येक शब्द आधी 'द ला पहिली वेलांटी दि, व ला काना वा, दिवा' असं म्हणूनच वाचता येत असेल, तर बाराखडीची चाल डोक्यात अडकली आहे. बाराखडी पाठ असणं चांगलं, पण ती वाचताना मनात चालू राहिली तर वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते. अशा मुलाला चिन्हांची नावं महिनाभर विचारू नका. 'दि' चं कार्ड दाखवून थेट 'दि' म्हणायला लावा, एका मिनिटात वीसेक कार्डं जातील इतक्या चालीने.

घरची बोली वेगळी असेल तर तिचा मान ठेवून पुढे जा. विळ्याचं चित्र दाखवल्यावर मूल 'इळा' म्हणत असेल तर ती चूक नाही. इ त्याने बरोबर म्हटला आहे. 'घरी इळा म्हणतो, पुस्तकात विळा लिहितात' एवढं पुरे. 'पानी' म्हणणाऱ्या मुलाचा स्वर बरोबर आहे, ण चा सराव वेगळा आणि नंतर. ऱ्हस्व स्वराच्या तासाला व्यंजनाच्या चुका धरत बसलं की मूल कशासाठी अडवलं जातंय हेच त्याला कळेनासं होतं.

आलं की नाही, हे बघायचं कसं

ओळखीच्या शब्दांवर चाचणी घेऊन फसगत होते, कारण मूल पहिलं अक्षर बघून शब्द ताडतं. चित्राशेजारचा 'दिवा' बरोबर वाचला याचा अर्थ वेलांटी आली असा नाही. म्हणून अर्थ नसलेले शब्द द्या आणि मुलाला तसं सांगूनही टाका, 'हे खोटे शब्द आहेत, नुसते वाचायचे.' टिफा, नुबी, धिगू, डुमा, मलिसा, रटुबी, दफख, सगनत. पहिल्या चारांत मात्रा पहिल्या अक्षरावर आहे, पुढच्या दोनांत मध्ये, शेवटच्या दोनांत काहीच नाही. आठही वाचून घ्या, मध्ये बोलू नका, कागदावर मूल जसं म्हणेल तसं टिपा.

'मलिसा' चं 'मिलसा' झालं तर टोपीचा सराव राहिला आहे. 'सगनत' मूल 'सग्नत्' असं म्हणत असेल, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या अक्षरावर मूठ, तर अ ची चाल आत उतरली आहे. कुणी शिकवलेला नसलेला शब्द ते मराठी चालीने म्हणतंय. 'स-ग-न-त' असं चारही सारखं आलं तर दोन आठवडे मागे, चार अक्षरी शब्दांकडे. सहा बरोबर आले तर ए आणि ओ च्या मात्रा सुरू करा, आणि कानाची ५ मिनिटं तशीच चालू ठेवा.

चाचणी तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा घेऊनही दर–दार सारखी जोडी कानाला वेगळी लागत नसेल, तर कार्डं बदलत बसण्याआधी मुलाचे कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या, कान वाहणाऱ्या मुलांना काही काळ कमी ऐकू येऊ शकतं, आणि ते स्वतः कधीच सांगत नाही, कारण त्याला वाटतं सगळ्यांना एवढंच ऐकू येतं.